मोहोडभाऊंची पातळ भिंत

माझ्या लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा मोहोडभाऊंनी ती उघडलीच नाही. चिमटीत धरली, डोळे मिटून चाचपली आणि म्हणाले, "मधातला कागद हलका टाकला बावा यानं." मुलगी कुठली, लग्न कधी, काही विचारलं नाही.

अमरावतीच्या आमच्या छोट्या हापिसात आम्ही सर्किट बोर्डांचे आराखडे करतो. बोर्ड बाहेरून एकच हिरवी पाटी दिसतो. आत तांब्याचे सहा-आठ थर, आणि दर दोन थरांमध्ये काचेच्या धाग्यांचा पापुद्रा. आम्ही तांब्याच्या रेघा पाहायचो, मोहोडभाऊ पापुद्रा पाहायचे. रेघ आणि तिच्याखालचा तांब्याचा पत्रा यांच्यातलं अंतर बदललं की रेघेचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, बदलतो, आणि वेगात निघालेला सिग्नल थोडा माघारी फिरतो. संत्री निवडणाऱ्या यंत्राच्या कॅमेऱ्याचं चित्र एकदा असंच फाटायला लागलं. आम्ही रेघा तपासत बसलो.

"रेघीले काहून कोसता?" मोहोडभाऊ म्हणाले. "मधात काय हाय थे पाहा ना!"

बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यानं परस्पर पापुद्रा बदलला होता.

स्वतःच्या वडिलांपुढे मात्र या माणसाचं काही चालत नव्हतं. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो; ते अकोल्यात एकटेच राहत. काकू गेल्यापासून दोनदा न्हाणीत घसरले होते. मोहोडभाऊंनी लग्न केलेलं नाही, इकडे अख्खं घर रिकामं, तरी काकाजी येईनात. "तुह्या पहाऱ्यात नाही राहत मी," म्हणायचे. शेवटी वेगळं दार आणि मधे पक्की भिंत असेल तर येतो, इथवर गाडी आली.

मग मोहोडभाऊ भिंतीच्या मागे लागले. प्लायवूड, जिप्समच्या पाट्या, पोटात कापूस. एक उभी करायची, दुसरी काढायची. रविवारी मला पलीकडे बसवून खोकायला लावत.

"जोरानं नाही! म्हाताऱ्यावानी खोक."

मी जमेल तसा म्हातारा झालो.

"जास्तच येऊन राहिलं. बोलणंबी समजीन. त्याले पहारा वाटीन."

एक पाटी वाढवली. आता काहीच ऐकू येईना, तर चेहरा उतरला. "पडला तं मले समजीन कसं?"

माझा घसा बसला, पण अखेर शब्द अडतील आणि खोकला पोचेल अशी भिंत सापडली. मला हसू येत होतं, आणि या माणसाचं नवलही वाटत होतं.

काकाजी आले. भिंत थापटली, "पक्की हाय," म्हणाले आणि राहिले. "त्याले सांगशीन नको," मोहोडभाऊंनी मला बजावलं. "समजलं तं जाईन वापस."

परवा सकाळी मोहोडभाऊंना हापिसात न्यायला गेलो. ते आपल्या खोलीत आवरत होते, म्हणून काकाजींकडे टेकलो. ते सारखे खोकत होते.

"काकाजी, डॉक्टरला दाखवू या का?"

त्यांनी आवाज खाली घेतला. "मले काय झालं? भिंत पातळ ठेवली त्यानं, थे पह्यल्याच दिवशी समजलं मले."

मला वाटलं, आता हे अकोल्याची गाडी धरणार.

"थो तिकडे कान लावून बसते," काकाजी म्हणाले. "मी खाकरलो का निवांत च्या पेते बिचारा."

काकाजी भिंतीकडे तोंड करून पुन्हा एकदा खोकले. पलीकडे कपबशी वाजली.