मिशीसकट सर

रेणुकादास सरांच्या क्लासमध्ये सरांचा फोटो नाही अशी जागा शोधून सापडली नसती. दप्तरांवर, बाटल्यांवर, होस्टेलच्या बादल्यांवरसुद्धा पिळदार मिशीतले सर हसत होते. लातुरात क्लास चालवायचा तर एवढं करावंच लागतं. त्यामुळे सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा त्याच्या पहिल्या पडद्यावरही आपणच हवं, असं त्यांनी मुकुलला फर्मावलं.

मुकुल क्लासची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. तो म्हणाला, "सर, प्रत्येक फाइलचा ठसा असतो, हॅश म्हणतात त्याला. ओळखीच्या फाइलींचे ठसे आपल्या राखणदार प्रोग्रॅमकडं आहेत. जुळला तरच तो फाइल उघडू देतो. तुमचा फोटो घुसवला की ठसा बदलणार."

"माझ्या फोटोनं कुणाचं वाईट झालंय का? टाक!"

टाकला. सगळ्या पडद्यांवर अक्षरं उमटली: 'अनोळखी फाइल.'

"अनोळखी? मी?" सरांचा पारा चढला. "निलंग्यापासून मुदखेडपर्यंत माझे बोर्ड हायेत! दहाला परीक्षा हाय, काचेबाहेर पालक उभे राहणार. परीक्षा झाली न्हाई तर उद्यापासून तू घरी बस!"

 या नोकरीच्या जोरावरच मुकुलचं लग्न ठरलं होतं.

"सर, फोटो काढून मूळ फाइल टाकू का?"

"फोटो राहणार!" सरांनी शाल पांघरलेला फोटो दिला. अनोळखी. चष्म्याविना दिला. तरी अनोळखी.

"कुठलाही द्या, सर. एक ठिपका बदलला तरी अख्खा ठसा बदलतो."

"ठिपका?" सर विचारात पडले. "सगळ्यात जास्त ठिपके तर माझ्या मिशीत हायेत. तरीच! थांब, मिशी काढून ताजा फोटो काढू."

मुकुल तोंड उघडायच्या आत सर सलीमच्या सलूनकडं निघालेसुद्धा.

त्यांची पाठ वळताच मुकुलनं मूळ फाइल टाकली. ठसा जुळला. वेळेवर मुलं पेपर सोडवू लागली, काचेबाहेर पालक माना डोलवू लागले आणि मुकुलच्या जिवात जीव आला.

एवढ्यात गेटवरून वॉचमन भीमाचा फोन आला. भीमा कालच देवणीहून आलेला, आज सर बाहेर पडल्यावर पाळीवर उभा राहिलेला. सरांना त्यानं फक्त गेटवरच्या बोर्डावर पाहिलं होतं. मागं परीक्षेला एक तोतया बसल्यापासून सरांचाच हुकूम होता, की फोटोशी चेहरा जुळल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही.

"मुकुलभाऊ, एक जण म्हणायलाय, मीच सर हाय. लई आरडायलाय. सोडू का?"

फोनमध्ये मागून आवाज आला, "अरे, मला सबंध लातूर ओळखतं!"

मान खाली घालून पेपर सोडवणाऱ्या मुलांकडं मुकुलनं एकदा पाहिलं.

"बोर्डाशी जुळतोय का, काका?"

"सगळं जुळतंय. निस्ती मिशी न्हाई."

"मग अनोळखीच. पेपर संपेपर्यंत सावलीत बसवा त्यांना. आणि चहा पाजा."