लाल समीकरणाचा काळा क्रमांक

एका जंगलात वाघसुद्धा स्लाइड दाखवल्याशिवाय डरकाळी फोडत नसे. त्या जंगलात, बाळांनो, गिरिजा नावाची खार राहायची. शिकलेली होती, त्यामुळे काळजीसुद्धा सूत्र मांडून करायची.

तिचं पिल्लू नदीकाठच्या पाळणाघरात जाई. गिरिजानं नदीचं समीकरण मांडलं. उत्तर आलं: अमावास्येच्या सकाळी पाळणाघर पाण्याखाली. तिनं तीनदा तपासलं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून चौथ्यांदाही.

पाळणाघर हलवायचं तर सभेची मंजुरी हवी. तिनं लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञांच्या ओळी लिहून गणितं सुबक छापणाऱ्या संगणकाच्या साधनात, स्लाइड केली. सगळ्यांची नजर जावी म्हणून समीकरण लाल केलं. तर शेजारचा कंसातला समीकरणाचा क्रमांकही लालेलाल!

"क्रमांक काळाच हवा. नियम आहे," सभापती गवारेडा म्हणाले. "परवाच्या सभेत या."

"पण साहेब, अमावास्या पाच दिवसांवर आलीय!"

"मग लवकर काळा करा, बाई."

गिरिजा साळिंदराकडं धावली. लेटेकमधला जाणकार तो.

"भाऊ, नुसता क्रमांक काळा करायचाय."

"हात्तिच्या! एक ओळ घाल."

तिनं घातली. समीकरणही काळं झालं. दुसरी घातली. क्रमांकच गायब. तिसरीनंतर स्लाइड उघडेचना.

"माझ्याकडं तर चालतंय," साळिंदर म्हणाला आणि जेवायला गेला.

दोन दिवस गिरिजा स्वतःला शिव्या घालत ओळी घालत राहिली. सतराव्या ओळीला जमलं. समीकरण लाल, क्रमांक काळाकुट्ट.

सभा थक्क झाली.

"अगंबाई, कसं केलंस गं?" मुंगूसवहिनी किंचाळल्या. "आमच्या ह्यांचे अजून निळेच येतात!"

"मलाही दाखव!"

"आधी मला!"

समीकरण कुणी वाचलंच नाही. वेळ संपली.

"पाळणाघराचं पुढच्या महिन्यात बघू," गवारेडा म्हणाले. "आधी या रंगाचा एक वर्ग घ्या."

गिरिजाला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात तिची नजर टेकडीवर गेली.

"घेते की. अमावास्येच्या सकाळी, टेकडीवर. मुलांना घेऊनच या हं. या गोष्टी लहानपणीच शिकलेल्या बऱ्या."

अख्खं जंगल पोराबाळांसह टेकडीवर लोटलं. खाली नदीनं रिकामं पाळणाघर उचललं आणि नेलं. कुणी मान वळवून पाहिलं नाही. सगळे फळ्यावरचं उतरवून घेत होते.

तात्पर्य: बाळांनो, खरं उत्तर काढायला हरकत नाही, पण ते सभेत सांगत बसू नका. रंगाचा वर्ग उंचावर ठेवा. जीव वाचतात, वर प्रमाणपत्रही मिळतं.