मोहाच्या दिवसांतली हाजरी

मैदानावर पाच जण होते. दिव्यानीने पुन्हा मोजले, तरी पाचच. त्यातले एक ग्रामपंचायतीचे शिपाई इस्तारीभाऊ. त्यांचं वय अठ्ठावन्न, त्यामुळे त्यांना तरुणांत धरायचं म्हटलं तर रजिस्टरही लाजलं असतं.

कुरखेड्याकडच्या हिरडटोल्यात दिव्यानी सहा महिन्यांपासून तरुणांसाठी सरकारी उपक्रम चालवत होती. पहाटे धावायचं, मग ध्यान, मग पोटभर हसायचं. तीस जण हजर नसतील तर उपक्रम दुसऱ्या गावाला जाणार होता, आणि ते तपासायला तालुक्याच्या रंजीता मॅडम आज सातला यायच्या होत्या. जीव घाबरला की चार मोजून श्वास घ्या, चार मोजून सोडा, असं दिव्यानी गावाला शिकवत आली होती. आज तिचा स्वतःचा श्वास दोनवरच अडकत होता.

"पोट्टे कुठी गेले, भाऊ?"

"कुठी जातीन? मोह वेचाले," इस्तारीभाऊ म्हणाले. "सहाचा टाइम ज्यानं ठरवला ना, त्याच्या गावात मोहाचं झाड नसन."

खरंच होतं. या दिवसांत पहाटेच मोहफुलांचा सडा पडतो, आणि जो उशिरा जाईल त्याच्या वाट्याची फुलं शेळ्या खातात. दिव्यानीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कागदावर सहा लिहिलं होतं आणि कागदापुढे बोलायची तिची छाती झाली नव्हती.

उपक्रम गेला तर व्हॉलीबॉलचं नेट जाईल, याचं तिला काही नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो पियुषमुळे. पोलीस भरतीत हा मुलगा दोनदा थोडक्यात राहिला आणि चार महिने खाटेवरून उठला नाही. आई जेवायला हाका मारून थकली. तीन आठवड्यांपासून तो मैदानावर यायला लागला होता. शेवटच्या रांगेत उभा राहायचा, कोणाशी बोलायचा नाही, कोणी पाहिलं की मान खाली घालायचा. पण यायचा. उपक्रम बंद पडला की हा पुन्हा खाटेवर जाणार, हे तिला दिसत होतं.

आज पाचांत पळणारा असा तोच होता.

"पियुष, मोहाकडे पळत जा," ती म्हणाली. "साऱ्यायले म्हन, अर्धा घंटा या. पळतच घेऊन ये."

पियुष मान हलवून निघाला.

आठच दिवसांपूर्वी नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे दिसले होते. जंगलात मात्र त्याचं नाव घ्यायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. नाव घेतलं की त्याला आवतण गेलं असं समजतात. त्यामुळे मोहाखाली सगळे मुकाट्याने वेचत होते आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून पाहत होते. अशात म्हाताऱ्या रुखमाबाईला झुडपातून पियुष येताना दिसला. जो आईच्या हाकेने उठला नाही, तो पोरगा जीव खाऊन पळत होता.

"का झालं रे?"

पियुषला आधीच शब्द जड, त्यात दम लागलेला. त्याने गावाकडे हात केला. "चला. लवकर. सारेच."

यापुढे विचारणार कोण? नाव तर घ्यायचं नव्हतं. रुखमाबाईने टोपली डोक्यावर घेतली आणि पळत सुटली. ती पळाली म्हणून शेजारी वेचणारी डिंपल पळाली, डिंपलमागे उरलेलं अर्धं गाव. हाजरीला लोक इतके उत्सुक आहेत, हे पाहून पियुषला नवल वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं की मोह टाकून ही माणसं हाजरीसाठी पळणारी नव्हेत. यांनी नक्कीच आपल्या मागे काहीतरी पाहिलं. मग मात्र त्याने सगळ्यांना मागे टाकलं.

रंजीता मॅडमनी मैदानाजवळ गाडी लावली आणि धुळीचा लोट गावात शिरला. सत्तर-ऐंशी माणसं, पुढे पियुष. दिव्यानीला आनंदाने रडूच फुटलं.

"म्हाताऱ्यासुद्धा धावतात?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्मवर 'धावणे'पुढे खूण केली.

"आत चल, बाई. मंग लिव," रुखमाबाईने त्यांचा दंड धरला आणि पंचायतीच्या खोलीत ओढलं. पाठोपाठ सगळे शिरले. इस्तारीभाऊंनी कशासाठी हे न विचारता आतून कडी लावली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी डोळे मिटून देवाला आळवत होतं, कोणी श्वास रोखून बसलं होतं. मॅडम हरखल्या. त्यांनी 'ध्यान'पुढे खूण केली.

दिव्यानीला मात्र आता शंका आली. तिने हळूच रुखमाबाईला विचारलं, "बाई, काऊन पळून राह्यले सारे?"

"वाघ," रुखमाबाई म्हणाली. घरात नाव घ्यायला हरकत नव्हती.

"कोनं पाह्यला?"

"मी नाई. डिंपलनं पाह्यला असन."

"मी तं तुमाले पाहून पळाली," डिंपल म्हणाली. बोटं अशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत पियुषवर येऊन थांबली. सगळं गाव त्याच्याकडे पाहू लागलं.

दिव्यानीला वाटलं, संपलं. हा पोरगा आता दार उघडून घरी जाईल, तो पुन्हा दिसायचा नाही. स्वतःच पाठवलं त्याला, या विचाराने तिला तोंड लपवावंसं वाटलं.

पियुष हळू म्हणाला, "मी तं हाजरीले बोलवाले आलतो."

मग पियुषचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. गावाने त्याला वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं. आधी रुखमाबाईला हसू फुटलं, मग खोलीलाच.

मॅडमना आता सगळं कळलं होतं. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. लोक कशामुळे धावले, असा रकाना त्यात कुठेच नव्हता. त्यांनी 'हास्य'पुढे खूण केली आणि म्हणाल्या, "उपक्रम इथेच राहील. सोमवारी जिल्ह्याच्या साहेबांना घेऊन येते. हेच दाखवा."

दिव्यानीचा श्वास पुन्हा अडकला. तेवढ्यात गर्दीतून पियुष तिच्याजवळ आला. मान वर होती.

"ताई, चार मोजा," तो म्हणाला. "सोमवारी मलेच पाठवजा."