तात्यांची बाग बघायला

आमच्या कळस गावच्या बाजीराव तात्यांच्या खिशात कायम एक लोखंडी वायसर, म्हणजे मधे भोक असलेली चकती असायची, पंपाच्या इंजिनातून निघालेली. दुसऱ्याच्या द्राक्षबागेत गेले की तात्या एक मणी तोडायचे आणि वायसरातून घालून बघायचे. आरपार गेला की समाधानाने म्हणायचे, "बारीक हाय." अडकला, तर वायसर खिशात टाकून म्हणायचे, "पाणी जास्त झालंय."

शेजारच्या नामदेव आबांच्या बागेला व्यापाऱ्याने जादा भाव दिला, तेव्हा तात्या दोन दिवस जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. तेव्हा तात्यांची बायको, आमच्या काकू, हयात होत्या. त्या माझ्या आईला हळूच म्हणाल्या, "पोटाला काय झालं न्हाय. जळतंय नुसतं."

मी बारामतीला कॉलेजात होतो, घरातला पहिलाच. त्या वर्षी सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला आणि गावातल्या बागायतदारांनी जीप ठरवली. नाशिककडे वाइनसाठी बागा लावल्यात, त्या बघायच्या. तात्या मला म्हणाले, "तूबी चल. तितं पाट्या इंग्रजीत असत्यात." पाट्या मला वाचता येतात, बोलायचं म्हटलं की जीभ अडते, हे सांगायचं राहून गेलं.

बागेत शिरताच तात्यांनी वायसर काढला. मणी आरपार. दुसराही. तात्या फुलले. "आबा, बघा, करवंदाएवढी हायती. आपल्या हितं कोंबडीबी तोंड लावायची न्हाय."

बागमालकाचा मुलगा हसून म्हणाला, "तात्या, वाइनला अशीच लागतात. मणी लहान तेवढी चव दाट."

तात्यांनी वायसर मुठीत झाकला. तेवढ्यात पुण्या-मुंबईच्या चार गाड्या आल्या. माणसं उतरली, वेलींशेजारी उभी राहून फोटो काढू लागली. एक बाई तर वेलीचं वय विचारत होती. तो मुलगा माझ्याच वयाचा. तिच्याशी इतक्या सहज इंग्रजीत बोलत होता, की मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. मला त्याचा राग आला. खरं तर त्याने राग येण्यासारखं काही केलं नव्हतं.

मग पेले आले. तात्या माळकरी, त्यांनी हात जोडले. "वास तरी घ्या," आबा म्हणाले. तात्यांनी घेतला. "काकवी नासलीय."

परतताना भिगवणला चहाला थांबलो, तेव्हा तात्यांनी मला विचारलं,

"ती माणसं नुसती बाग बघाय आल्ती?"

"व्हय."

"एवढ्या लांबनं?"

"व्हय तात्या."

त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. "तुझी काकू गेल्यापास्नं माझ्या बागेत व्यापाऱ्याबिगर कोण आलं न्हाय. तुझ्या कॉलेजातली पोरं आण की एकदा. जोडून सुट्टी असली की."

होळीला तशी सुट्टी आली. मी चार मित्रांना सांगितलं, चौघेही हो म्हणाले, मी तात्यांना तसं कळवलं आणि ऐनवेळी चौघे सणाला आपापल्या गावी गेले. मी एकटाच एसटीने आलो.

तोडणी होऊन बाग रिकामी झाली होती. फक्त बांधाकडच्या एका ओळीला तात्यांनी व्यापाऱ्याला हात लावू दिला नव्हता. तिच्याखाली सतरंजी, सतरंजीवर द्राक्षाच्या रसाचे पाच पेले झाकून ठेवलेले. तात्या परीटघडीच्या धोतरात उभे. त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं.

"मागनं येत्यात?"

खोटं सुचलं नाही. "न्हाय तात्या. मी एकटाच."

ते खाली वाकून सतरंजीची नसलेली सुरकुती काढत राहिले.

"तात्या, मला दाखवा की बाग."

"तुला काय दाखवायचं? हितलीच द्राक्षं चोरून मोठा झालास तू."

"चोरताना बघायला कुठं सवड होती?"

तात्या ताठ झाले. दोन्ही हातांनी टोपी नीट केली.

"या पाव्हणं," ते म्हणाले. "हिकडनं सुरवात करू."