गटप्रमुख हारून आणि सुताचा कोन

शाळेच्या डोंगरसहलीचा गटप्रमुख झाल्यापासून हारून घरात पाणीसुद्धा हुकूम सोडून मागू लागला होता. नववीतलं पोर ते! त्याचा बाप अब्दुर्रहमान हा धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात बिघडलेले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचा. "पुढारी म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?" हारूनने जेवताना विचारलं.

"ठाऊक हाय," बाप म्हणाला. "आधी आपलं ताट उचल."

पण जबाबदारी खरंच मोठी होती. शाळेची ही पहिलीच डोंगरसहल. एक जरी मूल हरवलं तर यापुढे सहली कायमच्या बंद, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. शेवटी हारूनला युक्ती सुचली. बापाला विचारून त्याने कारखान्यातून लाल सुताचा एक कोन, म्हणजे शंकूसारखं मोठं रीळ, आणला. चढताना सूत सोडत जायचं, प्रत्येक वळणावर झाडाला गाठ मारायची आणि येताना त्याच सुतामागे खाली यायचं. एका कोनावर सूत एवढं असतं की डोंगर गुंडाळून वर उरेल.

१९८७च्या डिसेंबरातली ती सकाळ. दिघाशी गावात एसटीतून उतरतानाच सोबत आलेल्या केसरीनाथ सरांचा पाय मुरगळला. डोंगर अजून लांब होता आणि सर तिथल्या देवळाच्या पायरीवर बसले ते बसलेच. आज असं कोणी करणार नाही, पण तेव्हा चालायचं. सर म्हणाले, "हारून, तू ने सगळ्यांना. सतरा जण नेतोयस, सतरा परत आण. पाचच्या आत."

हारूनची छाती फुगली. "सगळ्यात पुढे मी! शेवटी जैनब. कोणी मागे राहिलं तर तुझी जबाबदारी. आणि ऐका, पुढारी मागे बघत नाही. चला!"

जैनब त्याच्याच वर्गातली. तिची आई जमिला घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे लूमला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. जैनबही शाळेतून आली की दप्तर टाकून तेच करायची. हारून खरंच मागे न बघता चढत राहिला. एकवीस वळणं, एकवीस गाठी. माथ्यावर पोहोचल्यावर भाकऱ्या झाल्या, गाणी झाली. तीन वाजता त्याने रुबाबात हाक दिली, "चला, सूत धरा!"

सूत कुठे होतं? गवत होतं, दगड होते. लाल म्हणून काही नव्हतं.

"सूत कुठं गेलं?"

"हे काय, हाय ना!" जैनबने हातातली काठी पुढे केली. काठीवर लाल सूत कसं घट्ट, गोल, देखणं गुंडाळलेलं. "एक वीतसुद्धा वाया न्हाय जाऊ दिलं मी."

हारूनने काठी हातात घेऊन पाहिली. "तू... तू उचललंस? का?"

"का म्हणजे? जमिनीवर पडलं होतं. सगळे तुडवत चालले होते त्याच्यावरून. अम्मीने पाहिलं असतं तर मला सोललं असतं!"

आता बोला! लूमवाल्यांच्या घरात सूत पायाखाली येणं म्हणजे ताटावर पाय देणं. हारूनच्या घरीही तेच होतं. त्यामुळे तिच्यावर ओरडायची सोय नव्हती.

"वाट माझ्या लक्षात आहे," तो छातीठोकपणे म्हणाला. अर्ध्या तासाने त्याने सतरा जणांना एका कड्यावर आणून उभं केलं. पुढे पायवाट नव्हती, सरळ खोल दरी होती. गटातल्या तुळजाने रडायला सुरुवात केली. अनंता म्हणाला, "ए गटप्रमुख, आता उडायचं काय?"

सतरा घरं वाट बघत होती आणि आपण मघापासून थापा मारतोय, याची हारूनला भयंकर लाज वाटली. तो दगडावर बसला आणि म्हणाला, "मला वाट ठाऊक नाही. खरंच नाही."

मग जैनब म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"तुला कशी?"

"गाठी कोणी सोडवल्या? तुझ्या बापाने? शेवटची आंब्याला होती, ती एवढी आवळली होतीस की दाताने सोडवावी लागली. त्याच्या आधीची करवंदीला, तिथं काटा घुसला. त्याच्या आधीची वाकड्या पळसाला. तू मारत सुटलास, सोडवत मी आले. सूत तोडायचं कसं रे, वाया जातं ना!"

सगळे माथ्यावर परतले आणि जैनब पुढे झाली. प्रत्येक झाडापाशी थांबून ती अंगठ्याची, नखाची, दातांची आठवण काढायची आणि वळायची. हारून मुकाट्याने सर्वांत शेवटी चालला, दर वळणावर डोकी मोजत. पाचला दहा मिनिटं असताना सतराच्या सतरा देवळापाशी हजर झाले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी केसरीनाथ सर लंगडत पुढे आले. "मी काल डोळ्यांनी पाहिलं. हारून सगळ्यांच्या मागे होता! खरा पुढारी असा मागे राहून सांभाळतो."

"सर, मी वाट चुकलो होतो," हारून म्हणाला.

"बघा, किती नम्र!" टाळ्या पडल्या.

"सर, जैनबने आणलं सगळ्यांना."

"आणि श्रेय दुसऱ्याला देतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातच राष्ट्रगीत सुरू झालं.

सुट्टीत त्याने जैनबला गाठलं. "मी सांगितलं गं. कोणी ऐकलंच नाही."

"सांगितलंस," ती म्हणाली. "पण टाळ्या वाजत होत्या तेव्हा. टाळ्या थांबल्यावर, राष्ट्रगीत संपल्यावरही गप्प उभा राहिलास."

ती डबा उघडून जेवायला बसली. हारूनला तो सबंध दिवस कशातच गोडी वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर त्याने हात वर केला. "सर, परवाचं थोडं सांगायचं राहिलंय." सर हसले, मुलांनी सवयीने टाळ्या सुरू केल्या. हारून टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत गप्प उभा राहिला. मग कड्यापासून सगळं सांगितलं. या वेळी टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत, फक्त सगळ्या शाळेने मान वळवून मुलींच्या रांगेकडे पाहिलं.