पोस्टाने येणारं गणित

कणसे गुरुजींनी सातवीच्या वर्गाला फळ्यावर गणित कधी घातलं नाही. ते पोस्टाने यायचं. आष्ट्याजवळच्या त्या शाळेत मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. पाकिटात कुणा काल्पनिक माणसाची तक्रार असे. बांध सरकलाय, विहिरीचं पाणी चोरीला गेलंय, शोध लावा. मग पोरं टेप घेऊन गावभर. गिरणीवालासुद्धा सामील. उत्तर बरोबर आल्याशिवाय तो पुढची चिठ्ठी देत नसे. एकदा सवयीने त्याने दळण न्यायला आलेल्या सरपंचांनाच अडवलं, "आधी सांगा, पाऊणचा निम्मा किती?"

"गुरुजी, खेळ जरा जास्तच होतोय," मी म्हणे.

"खेळ न्हाई सर. खेळ म्हनलं की पोरं हारजीत बघत्यात. खरं म्हनलं की शोधत्यात."

माणूस एकटा. खोलीत भांड्यांपेक्षा पाकिटं जास्त. प्रत्येक काल्पनिक माणसाचं अक्षर वेगळं यावं म्हणून निम्मी पत्रं डाव्या हाताने लिहीत.

मग सीमेवरचा शिपाई तुकाराम आला. तोही काल्पनिकच. पत्रात उंची, तापमान, अंतर कळवायचा. पोरांनी नकाशात त्याची चौकी शोधायची. पाचव्या पत्रात तो बेपत्ता होणार होता. गुरुजींनी ते आधी मला दाखवलं.

"गाव फौजींचं हाय, सर. घालू का नको?"

"घाला हो, झकास आहे," म्हणत मी त्यावर आवकचा शिक्काही मारला.

दुपारी पोरं ओरडत सुटली, "शिपाई बेपत्ता! शिपाई बेपत्ता!" हौसाबाईंचा मुलगा संजय तेव्हा सीमेवर होता. त्या ओट्यावरच कोसळल्या. संजयचा फोन रात्रीपर्यंत लागेना. सगळं गाव शाळेपुढे जमलं.

"ह्ये पत्र आदी कुनी वाचलं हुतं?" गर्दीतून कुणी विचारलं.

मी म्हणालो, "मला काहीच कल्पना नव्हती."

गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "सरांस्नी ठावं न्हवतं. माजंच चुकलं."

संजय सुखरूप निघाला. गुरुजींची बदली पाटणच्या डोंगरात झाली. मी शाल-नारळ घेऊन निवृत्त झालो.

गेल्या महिन्यात, सात वर्षांनी, सगळं सांगून टाकायचं ठरवून हौसाबाईंकडे गेलो. ओट्यावर गुरुजी बसलेले. हौसाबाई उंबऱ्याच्या आत. मध्ये फोन, फोनमध्ये संजय.

फोन संपल्यावर हौसाबाई म्हणाल्या, "मला दिसत न्हाई नीट. दर म्हैन्याला पाटनवरनं येत्यात, फोन लावून देत्यात. तवा लय शिव्या दिल्या मी यास्नी. अजून घरात घेतलं न्हाई."

मी सांगितलं. पत्र मी वाचलं होतं, घाला म्हणालो होतो, शिक्का माझा होता.



"मंग तुमी का वो गप ऱ्हायला?" त्यांनी गुरुजींना विचारलं.

"लिवलं तर मीच हुतं की, आई."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या उठल्या, दारातून बाजूला झाल्या. "आत या गुरुजी. जेवून जावा."

गुरुजी उंबऱ्याशी उभे राहिले. चप्पल काढायला वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.