जगदेवराव धावले

मंगरूळपीरच्या मैदानाला तीन फेऱ्या मारल्या की एक कचोरी, असा जगदेवरावांचा बायकोशी, तुळसाबाईंशी करार होता. चालायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. कचोरीचं कलम जगदेवरावांनी स्वतः घातलं होतं. हात पाठीमागे बांधून, भेटेल त्याची विचारपूस करत ते असे चालत, की मैदानात चरणाऱ्या शेळ्यासुद्धा त्यांच्या पुढे निघून जात. त्यांना कुणाच्याही पुढे जायचं नव्हतं, म्हणून सगळं मजेत चाललं होतं.

एका सकाळी व्यायामशिक्षक नरेंद्र सर फॉर्म घेऊन आडवे आले. वाशीमला ज्येष्ठांची चालण्याची शर्यत होती आणि तालुक्यातून एकही नाव गेलं नव्हतं.

"जगदेवभाऊ, रोज चालता तसंच तिथं चाला."

"नाश्ता राह्यते का?"

"राह्यते."

जगदेवरावांनी सही केली.

या शर्यतीचा नियम अगदी सोपा. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय एकदम उचलले तर ते धावणं, आणि धावला तो बाद. वाशीमला सहा जण उभे राहिले. शिट्टी वाजताच पाच जणांच्या अंगात वारं शिरलं, आणि पंचांनी एकेकाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. जगदेवराव हा गोंधळ मागून पाहत, नाश्त्याचं टेबल कुठे लागलंय याचा अंदाज घेत, एकटेच शेवटपर्यंत पोचले. तोवर बक्षीस द्यायला आलेले पाहुणे जेवून परत आले होते. सुवर्णपदक गळ्यात पडलं.

तिथेच घात झाला. सर त्यांना खेळाडू मानू लागले. अमरावतीची विभागीय शर्यत महिन्यावर होती. भिजवलेले मूग सुरू झाले, तीन फेऱ्यांच्या पंधरा झाल्या, वाटेत कुणाशी बोलायचं नाही असं ठरलं, आणि कचोरी बंद. दाद मागायला ते घरी गेले, तर तुळसाबाईंनी सरांनी लिहून दिलेला सरावाचा कागद फ्रीजवर चिकटवलेला.

"मले फक्त चालाचं होतं," ते म्हणाले.

"मंग चालूनच तं राह्यले तुमी. फक्त तोंड बंद ठेवून."

महिनाभर मूग चावता चावता जगदेवरावांनी विचार केला. हळू चाललो म्हणून जिंकलो. म्हणजे हरायचं असेल तर पळायला हवं. पळालो की लाल कार्ड, लाल कार्ड मिळालं की सर नाद सोडतील, आणि सरांनी नाद सोडला की कचोरी.

अमरावतीला शिट्टी वाजली आणि जगदेवराव जीव खाऊन पळाले. टोपी उडाली, चष्मा नाकाच्या टोकावर आला. पहिल्या वळणावरचा पंच वाकून त्यांच्या पायांकडे पाहू लागला, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. पंच तसाच वाकलेला त्यांच्यासोबत अर्धी फेरी आला, मग ताठ झाला आणि त्यानं कार्ड खिशात ठेवून दिलं. दुसऱ्या फेरीत जगदेवरावांनी त्याच्यासमोर उड्याच मारल्या, निदान त्यांच्या मते. तरी काही नाही.

"साहेब, मी पळून राह्यलो ना," शेवटी न राहवून ते धापा टाकत म्हणाले.

"तुमाले वाटून राह्यलं तसं, काका," पंच समजुतीनं म्हणाला. "पाय कुठं उचलून राह्यला? चालू द्या."

दुसरा नंबर आला. पहिल्या दोघांची निवड राज्यासाठी. सरांचे डोळे भरून आले आणि तीन महिन्यांचा नवा कागद त्यांनी उभ्या उभ्याच लिहायला घेतला.

तुळसाबाई झाडाखाली पिशवी उघडून बसल्या होत्या. शेजारी अकोल्याकडचे भाऊसिंग, शर्यतीत सगळ्यात शेवटी आलेले, मांडी घालून कचोरी खात होते. जगदेवरावांची नजर पिशवीवरून हलेना.

"तुमच्यासाठीच आनल्या होत्या चार," तुळसाबाई म्हणाल्या. "म्हन्लं, हरले तं तेवढंच मनाले बरं वाटन. आता जिंकल्यावर तुमाले कायले पाह्यजे?"

भाऊसिंगांनी दुसरी उचलली.